दम्याचं औषध आणि घरमालकाला नोटीस

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. दम्याच्या मुलाला डॉक्टरांनी पंप दिला, औषधं दिली, मूल बरं होऊन घरी गेलं. काही दिवसांनी तेच मूल पुन्हा धापा टाकत दवाखान्यात आलं. मग चुकलं कुठे? औषध तर बरोबर होतं. पण घराच्या भिंतींना ओल होती, ओलीवर बुरशी होती, आणि स्वयंपाकघरात झुरळं होती. ही दोन्ही दमा वाढवणारी.

याच प्रश्नातून १९९३ साली बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये एक वेगळी गोष्ट घडली. बालरोग विभागाचे प्रमुख डॉ. बॅरी झकरमन यांनी मुलांच्या कुटुंबांसाठी चक्क वकील नेमला.

याची मुळं आपल्याला थोडं मागे नेतात. १९६० च्या दशकात डॉ. जॅक गायगर यांनी मिसिसिपीतल्या माउंड बायू इथे आरोग्यकेंद्र उभं केलं. तिथे कुपोषित मुलांना चिठ्ठीवर अन्न लिहून दिलं जाई, आणि किराणा दुकानाचं बिल केंद्राच्या औषधांच्या पैशांतून भागवलं जाई. वरून आक्षेप आला, तेव्हा गायगर यांचं म्हणणं सरळ होतं: भुकेवर औषध अन्नच.

पण बॉस्टनमधली अडचण निराळी होती. अन्न विकत घेऊन देता येतं; कोरडी भिंत चिठ्ठीवर कशी लिहून देणार? गंमत अशी, की त्यासाठी नवा कायदा करायची गरजच नव्हती. भाड्याचं घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी, असं मॅसॅच्युसेट्सची आरोग्यसंहिता सांगतच होती. हिवाळ्यात दिवसा घर किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस, उबदार राहायला हवं, हेही त्यात होतं. कायदा कागदावर होता आणि आजार घरात. डॉक्टरांच्या पत्राने घरमालक हलेलच असं नाही. वकिलाच्या नोटिशीला मात्र उत्तर द्यावं लागतं.

हे सगळं सुरळीत होतं असंही नाही. मुलावर अत्याचाराचा संशय आला, तर तिथल्या डॉक्टरांना तो सरकारी यंत्रणेला कळवावाच लागतो. वकील मात्र अशिलाची गोष्ट गुप्त ठेवायला बांधलेला. एकाच छताखाली हे दोन धर्म कसे पाळायचे, हे आधीच ठरवून घ्यावं लागतं.

तरीही ही पद्धत पुढे अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत आणि आरोग्यकेंद्रांत पोहोचली.

आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे, तोही उत्पन्नाची अट न घालता. म्हणजे कागद आपल्याकडेही आहे. बॉस्टनकडून आपण शिकायचं ते एवढंच: तो कागद कोर्टाच्या आवारात वाट पाहत बसला, तर आजारी मूल घेऊन फिरणारी आई तिथवर पोहोचणार कधी? ती रोज जिथे येते, त्या दवाखान्यातच तो तिला भेटायला हवा.