रसदेचा हिशेब : बैलापासून विमानापर्यंत

वसमत तालुक्यांतील हट्टा ज्या मुलखांत वसलें आहे, त्या मुलखांत फौजेची रसद एके काळीं बैलांच्या पाठीवर चाले. जवळचें हिंगोली हें हैदराबाद कंटिंजंटचें ठाणें होतें. १८०३ च्या असईच्या मोहिमेंत वेलस्लीनें तोफांइतकीच चिंता बैलांची वाहिली. धान्याचे तांडे वंजारी हांकीत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें १६३२ सालीं उत्तर हिंदुस्थानांत १४,००० बैलांचा एक तांडा पाहिला. बैलाचा मोठा गुण हा कीं तो वाटेंत चरे; पाठीवरच्या गोणीस तोंड लावण्याची त्याला गरज नसे.

आकाशांत कुरण नाहीं. लढाऊ विमानांस हवेंतच इंधन पाजणारें विमान स्वतःच्या जाण्यायेण्याचा खर्च त्याच सांठ्यांतून भागवितें. अंतर वाढलें कीं देण्याजोगें इंधन घटतें. १९८२ सालीं फॉकलंड बेटांच्या युद्धांत इंग्रजांनीं असेन्शन बेटावरून पहिला हल्ला केला, तेव्हां एक व्हल्कन बॉम्बफेकें सहा हजारांवर किलोमीटर दूर पोंचविण्यासाठीं ११ व्हिक्टर विमानें उडवावीं लागलीं. त्यांतील कांहींनीं तर दुसऱ्या व्हिक्टरांसच इंधन दिलें. टाकलेल्या २१ बॉम्बांपैकीं एकच धांवपट्टीवर पडला.

म्हणून अशीं विमानें किती हवींत, हें लढाऊ विमानें मोजून ठरत नाहीं. समजा, १२ विमानांस प्रत्येकीं ५ टन, म्हणजे एकूण ६० टन इंधन द्यावयाचें आहे. जवळच्या ठिकाणीं एक इंधनवाहू ३० टन देऊं शकलें, तर दोन पुरतील. ऐन वेळीं बिघाड झाला तर हाताशीं म्हणून तिसरें. ठिकाण दूर जाऊन देणें १५ टनांवर आलें, तर चार आणि एक मिळून पांच लागतील. शिवाय दुरुस्तीमुळें निम्मीच विमानें सज्ज असलीं, तर तीनासाठीं सहा आणि पांचासाठीं दहा बाळगावीं लागतील.

ही निम्म्याची अट काल्पनिक नव्हे. भारतीय वायुदलानें २००३ पासून सहा इल्युशिन-७८ विमानें घेतलीं. २०१० ते २०१६ या काळांत त्यांतील सरासरी सुमारें निम्मींच उड्डाणास सज्ज होतीं, असें महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालांत नमूद आहे. सहांचे तीन झाले, कीं वरच्या उदाहरणांतील जवळची मोहीम कशीबशी निभेल, दूरची निभणार नाहीं. हजेरीपटावरील घोडा आणि खोगीर चढविलेला घोडा यांतील हें अंतर जुन्या सरदारांस ठाऊक होतें. विमानांच्या युगांतहि तें मिटलेलें नाहीं.