बोर्ड लागण्याआधी: सारसोळे आणि ‘हरकत’ या शब्दाचा इतिहास

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर.

आजचा विषय एका शब्दाचा आहे: हरकत. ‘काही हरकत नाही’ मधली नाही, सरकारी कागदावरची. ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ यातली.

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. सेक्टरमधल्या एखाद्या भूखंडाभोवती पत्रे उभे राहतात. त्यावर चकचकीत टॉवरचं चित्र लागतं. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्या रात्री झोपत नाही. पाणी पुरणार का? आत्ताच गाड्या लावायला जागा नाही, मग या नव्या दोनशे गाड्या कुठे जाणार? आमच्या गॅलरीतलं ऊन जाणार का? ड्रेनेज जुनंच आहे, त्याचं काय? आणि मग कुणीतरी विचारतं, “हरकत कुठे नोंदवायची?”

प्रश्न बरोबर आहे. वेळ मात्र बहुतेकदा चुकलेली असते. का, ते समजून घ्यायला आपण नेरूळमधल्या सारसोळ्याला जाऊ.

आधी गाव होतं

आज सारसोळे म्हटलं की बसचा डेपो आठवतो, पाम बीच मार्गावरचा सिग्नल आठवतो, किंवा खाडीकडे उतरणारी जेट्टी. पण नेरूळचे सेक्टर पडले त्याच्या कितीतरी आधीपासून हे कोळी-आगरी गाव आहे. ठाणे खाडीच्या काठावरच्या या पट्ट्याचं जगणं भातशेती, मिठागरं आणि मासेमारी यांवर चालायचं. इथला प्रस्थापित रहिवासी कोण, असं १९६० साली विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला वाढू द्या, अशी. कल्पना हुशार होती आणि सरकारला पटली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतल्या ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरली. आराखड्यात अंदाज होता वीस लाख लोकवस्तीचा.

आता जरा उलटं करून बघा. सारसोळ्याच्या माणसाच्या नजरेतून नवी मुंबई म्हणजे काय? त्याच्या जुन्या वस्तीत येऊ घातलेला, प्रस्तावित गृहप्रकल्प. आजवरचा सगळ्यात मोठा.

मग हरकत घेता येत नव्हती का?

कागदावर येत होती. इथे थोडा कायद्याचा इतिहास, कंटाळू नका.

जमीन घेतली जात होती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. इंग्रजांनी तो केला तेव्हा ‘माझी जमीन घेऊच नका’ असं म्हणायची सोय त्यात नव्हती. भांडायचं ते फक्त मोबदल्यावर. १९२३ मध्ये कायद्यात कलम ५-अ घातलं गेलं, आणि अधिसूचना निघाल्यापासून तीस दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे हरकत घेण्याचा हक्क मिळाला. म्हणजे जमिनीच्या मालकाला ‘नको’ म्हणायची जागा मिळायलाच एकोणतीस वर्षं लागली.

पण तीस दिवस कधीपासून? राजपत्रात छापून आल्यापासून. होडीवर किंवा शेतावर असलेल्या माणसाच्या हाती राजपत्र कधी पडणार? शिवाय ‘हे सार्वजनिक कामासाठी आहे’ असं सरकारने एकदा ठरवलं की एकट्याच्या हरकतीने ते बदलणं फार अवघड.

त्यामुळे इथली खरी हरकत अर्जातून आली नाही, ती रस्त्यावर आली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त एकत्र झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जमिनीच्या भावासाठीच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना मिळाली: जेवढी जमीन घेतली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत.

हिशेब करून बघू. एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन गेली. साडेबारा टक्के म्हणजे १,२५० चौरस मीटर. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के कापले, ते ३७५. हातात उरले ८७५ चौरस मीटर. त्यावर दीड एफएसआय.

इथे गोष्ट आपल्या घरात शिरते. यातले कितीतरी भूखंड त्रिपक्षीय कराराने बिल्डरांकडे गेले आणि त्यावर अपार्टमेंट उभी राहिली. आज नव्या टॉवरला विरोध करणारे आपल्यापैकी काही जण ज्या फ्लॅटमध्ये राहतात, तो फ्लॅट कुणाच्या तरी हरकतीतून मिळालेल्या जमिनीवर आहे. विरोध करू नका असं मी म्हणत नाहीये. पण ‘आम्ही इथले जुने’ हे वाक्य सारसोळ्यात जरा जपून वापरावं लागतं.

दोन शेजारी, दोन तक्रारी

जमीन गेली तरी गावठाण राहिलं. भोवती सेक्टर उठले, १९९२ पासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला, १९९३ मध्ये नेरूळपर्यंत लोकल आली. गावठाणाची हद्द मात्र वाढत्या कुटुंबांबरोबर तितकीशी वाढली नाही. मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, घरावर मजला चढला, बाजूला खोली निघाली. सरकारी भाषेत याला ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात.

सेक्टरवाल्यांची तक्रार: गावात दाटी वाढतेय, अग्निशमनची गाडी आत जाणार कशी? गाववाल्यांची तक्रार: आमची शेतं घेऊन तुमचे रुंद रस्ते केले, आता आमच्या गल्ल्या अरुंद म्हणून आम्हीच दोषी? दोघंही खरं बोलतात. दोघांची चिंता एकच आहे: इथे आणखी माणसं आली तर आधीच्यांना काय उरणार?

आता तिसरी फेरी सुरू आहे, पुनर्विकासाची. सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारती जीर्ण झाल्या. छताचे पोपडे पडतात, लोखंड गंजलेलं दिसतं. अशा इमारतींसाठी २०१५ मध्ये अडीच एफएसआय मंजूर झाला. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर २,५०० चौरस मीटर बांधकाम. पुढे डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली. सोसायट्यांसाठी २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली.

आतल्या सभासदांना हे हवंच असतं, आणि का नको? गळक्या घरात कोण राहील? पण शेजारच्या सोसायटीचं काय? त्या ५१ टक्क्यांत तिला मत नाही.

दार कुठे आहे?

आणि हीच आजच्या भागातली मुख्य गोष्ट. इंग्लंडमध्ये एखाद्या इमारतीसाठी अर्ज आला की स्थानिक प्रशासन त्याला प्रसिद्धी देतं आणि लोकांना मत मांडायला साधारण २१ दिवस मिळतात. आपल्याकडे तसं नाही. भूखंड निवासी असेल आणि बांधकाम नियमात बसत असेल, तर परवानगी देण्याआधी शेजाऱ्याला विचारण्याची पद्धत नाही. मोठ्या प्रकल्पाला, म्हणजे २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल तर, पर्यावरण मंजुरी लागते. पण २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे.

म्हणजे शेजाऱ्याला दारच नाही? आहे, पण आधीच्या टप्प्यावर. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६. शहराची विकास योजना तयार होते तेव्हा प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करायचा, उदाहरणार्थ भूखंडाचा वापर किंवा आरक्षण बदलायचं, तर कलम ३७ खाली नोटीस काढून एक महिन्याची मुदत द्यावी लागते. मैदानाच्या जागी इमारत येणार की नाही, हे तिथे ठरतं. नवी मुंबई महानगरपालिकेने आपला पहिला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला २०२२ मध्ये, स्थापनेनंतर तीस वर्षांनी. तेव्हा किती जणांनी आपल्या सेक्टरचा नकाशा उघडून पाहिला?

या दाराच्या पलीकडे उरतं ते कोर्ट. सारसोळ्यापासून पाम बीच मार्गाने दक्षिणेला गेलं की एनआरआय कॉम्प्लेक्सजवळच्या पाणथळ जागा लागतात. तिथे गोल्फ कोर्स आणि निवासी प्रकल्प होणार होता. रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १ नोव्हेंबर २०१८ ला न्यायालयाने त्या प्रकल्पाची वाट अडवली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांच्या बाजूने नुसती ‘आमचा व्ह्यू जाईल’ ही तक्रार नव्हती. जमिनीचा वापर, पाणथळ जागा, परवानगीची पद्धत, असे तपासता येणारे मुद्दे होते.

मग काय करायचं?

तीन गोष्टी, मोबाईलवरूनही सुरू करता येतात.

एक. आपल्या परिसराचा विकास आराखडा आत्ताच बघून ठेवा, वाद नसताना. मोकळा दिसणारा भूखंड कशासाठी आहे ते माहीत असू द्या.

दोन. प्रकल्प जाहीर झालाच, तर महारेराच्या साइटवर त्याची नोंदणी शोधा. तिथे मंजुऱ्यांची कागदपत्रं असतात. जे नसेल ते माहिती अधिकारात मागा. खाडीजवळ असाल तर कांदळवनापासूनचं अंतरही तपासा. २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा आहे.

तीन. हरकत मोजता येईल अशी लिहा. ‘पाणी कमी पडेल’ असं म्हणून भागत नाही. आपल्या महापालिकेकडे मोरबे धरण आहे, त्याची क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटर. मग विचारा: सगळ्या जुन्या इमारती अडीच पटीने वाढल्या तर मागणी किती होईल, आणि आमच्या गल्लीतली जलवाहिनी किती इंचांची आहे? या प्रश्नाला अधिकाऱ्याला आकड्यात उत्तर द्यावं लागतं. ‘बाहेरचे लोक येतील’ याला उत्तरच नसतं, आणि सारसोळ्यात तर ते कुणी बोलावं हाही प्रश्नच आहे.

आणि जमलं तर गावठाण आणि सेक्टर, दोघांनी एकाच कागदावर सह्या करा. रस्ता एक, नाला एक, पाण्याची पाइप एक. साडेबारा टक्के मिळाले तेही गावं एकत्र आली म्हणून.

पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘हरकती व सूचना’ अशी जाहीर नोटीस दिसली, तर फोटो काढा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका. खाली शेवटची तारीख ठळक लिहा. १९७० साली हे करायला सारसोळ्यात कुणाकडे फोन नव्हता, आपल्याकडे आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तुमच्या गावठाणाची किंवा सेक्टरची गोष्ट आम्हाला नक्की पाठवा.