तेलकट त्वचेवर मुलतानी माती : लेप पूर्ण वाळण्याआधीच धुणे हिताचे

चेहऱ्याला लावलेला मुलतानी मातीचा लेप तडे जाईपर्यंत वाळू द्यावा, तरच त्याचा गुण येतो, असा समज घरोघरी आढळतो. तेलकट त्वचेच्या काही तक्रारींचे मूळ याच समजुतीत असते. लेप धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा होतो, नाकाच्या कडेला पापुद्रे निघतात आणि काही तासांतच कपाळ पुन्हा तेलाने चमकू लागते. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा लेप लावला जातो.

मुलतान शहर आज पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात आहे. भारतात ही माती प्रामुख्याने राजस्थानात, बाडमेर, जैसलमेर आणि बिकानेर या जिल्ह्यांत सापडते. मॉन्टमोरिलोनाइट व पॅलिगॉर्स्काइट यांसारख्या खनिजांच्या अतिसूक्ष्म कणांमुळे तिची शोषणक्षमता मोठी असते. युरोपात लोकरीतील चिकटपणा काढण्यासाठी अशाच मातीचा वापर पूर्वापार होत आला. जे काम ती लोकरीवर करते, तेच चेहऱ्यावरही करते. मात्र लोकरीला पुन्हा ओलावा धरून ठेवायचा नसतो, त्वचेला तो धरावा लागतो.

त्वचेवरील तेल, म्हणजे सीबम, तैलग्रंथींतून स्रवते आणि त्याचे प्रमाण मुख्यतः अँड्रोजेन या संप्रेरकांवर ठरते. माती पृष्ठभागावरचे तेल टिपते, ग्रंथींचा स्राव कमी करत नाही. त्यामुळे लेपाचा परिणाम तात्पुरताच असतो आणि तो रोज लावून तेल कायमचे आटत नाही. उलट, त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातील स्निग्ध द्रव्ये वारंवार निघून गेली की आतील पाणी अधिक वेगाने उडून जाते. चेहरा एकाच वेळी तेलकट आणि शुष्क होऊ शकतो, ही बाब अनेकांच्या लक्षातच येत नाही.

साधारणपणे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा लेप पुरेसा ठरतो. चमचा-दोन चमचे माती पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवून पातळ थर द्यावा. कपाळ, नाक आणि हनुवटी एवढाच भाग तेलकट असेल, तर गाल मोकळे ठेवावेत. डोळ्यांभोवती आणि ओठांवर लेप लावू नये. पाच ते दहा मिनिटांत कडांचा रंग फिकट होऊ लागतो, पण मधला भाग बोटाला ओलसर लागतो. लेप धुण्याची वेळ हीच. कोमट पाण्याने तो आधी भिजवून सैल करावा आणि मग घासल्याविना काढावा. त्वचा किंचित ओली असतानाच ग्लिसरिनयुक्त हलके, तेलविरहित मॉइश्चरायझर लावावे. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर नको, हा आणखी एक चिवट गैरसमज.

मातीत लिंबू पिळण्याची सवय सोडलेलीच बरी. लिंबाचा रस तीव्र आम्लधर्मी असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. खाण्याचा सोडाही टाळावा. कोरडेपणा लवकर जाणवत असेल, तर दही किंवा मध मिसळता येतो; अन्यथा केओलिन ही तुलनेने सौम्य पांढरी माती निवडावी. दमट मुंबईत पावसाळ्यात सोसणारा लेप दिल्ली-नागपूरच्या थंडीत जाचक ठरू शकतो. हिवाळ्यात पंधरवड्यातून एकदाही तो पुरतो.

मुरुमांसाठी अ‍ॅडापॅलिन, बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा सॅलिसिलिक आम्ल लावणाऱ्यांनी त्याच दिवशी लेप लावू नये. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांची त्वचा औषधानेच कोरडी पडते; त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेप वापरू नये. खोल, दुखऱ्या गाठींवर तर मातीचा काहीच उपयोग नाही. त्या राहिल्यास व्रण उरतात, म्हणून लेपाच्या भरवशावर उपचार लांबवण्यात धोका आहे.

नवी माती चेहऱ्यावर लावण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडी लावून दिवसभर पाहावे. जळजळ किंवा लाली दिसल्यास ती वापरू नये. सुटी पूड कालवताना तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नये आणि एकदा भिजवलेला लेप दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.