फोल्डर-टॅगच्या यादीची कुळकथा

राम गणेश गडकरी यांचं २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर इथं निधन झालं. सावनेरच्या साहित्यप्रेमी माणसासाठी ‘गडकरी’ म्हणजे हे. पण सावनेर ज्यात येतं त्या नागपूर जिल्ह्याच्या आजच्या बातम्यांत हाच शब्द शोधला, तर समोर येतात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी, त्यांचे महामार्ग आणि उड्डाणपूल. नुसते शब्द जुळवणाऱ्या यंत्राला हा भेद कळत नाही. वाचकानं मात्र तो आधीच करून ठेवलेला असतो. त्याच्या फीड रीडरमध्ये, म्हणजे अनेक संकेतस्थळांचा नवा मजकूर एकत्र दाखवणाऱ्या ॲपमध्ये, एक फोल्डर ‘साहित्य’ नावाचा असतो, दुसरा ‘रस्ते’ नावाचा. वाचकासाठी काम करणाऱ्या एआय एजंटला ही मांडणी दाखवणारं एक छोटं साधन आता अशा रीडरांना जोडलं जातं. ते फोल्डर आणि टॅग यांची यादी देतं, बाकी काही नाही. पण त्या यादीमागे पंचवीस वर्षांहून मोठा वंश आहे.

मूळ पुरुष आरएसएस नावाचा मजकुराचा साचा. मार्च १९९९मध्ये नेटस्केपच्या रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी तो ‘माय नेटस्केप’ या संकेतस्थळासाठी घडवला. संकेतस्थळानं नव्या मजकुराची शीर्षकं आणि दुवे ठरलेल्या साच्यात मांडून ठेवायचे आणि वाचकाच्या रीडरनं वेळोवेळी येऊन ते उचलायचे, एवढीच योजना. काय वाचायचं हे ठरवणारा मध्यस्थ त्यात नव्हता. आजचे पॉडकास्टही याच साच्यावर चालतात.

या साच्यात मांडलेली प्रत्येक यादी म्हणजे एक फीड. फीड वाढले, तशी त्यांची मांडणी करायची वेळ आली. २०००मध्ये डेव्ह वायनर यांच्या युजरलँड कंपनीनं टिपणांच्या आराखड्यांसाठी ओपीएमएल हा साचा आणला. त्यात एका ओळीच्या पोटात दुसऱ्या ओळी ठेवता येत. रीडर बनवणाऱ्यांनी तो उचलला. बाहेरची ओळ फोल्डर झाली, आतल्या ओळी फीड झाल्या. एका रीडरमधली सगळी यादी दुसऱ्यात नेण्याची सोयही त्यातूनच झाली.

फोल्डरची अडचण जुन्या दप्तरखान्यांनाही ठाऊक होती. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले असत आणि एक कागद एकाच रुमालात राहू शकतो. सावनेर परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत, संत्र्याच्या बागाही आहेत. खाणीसाठी जाणाऱ्या शेतजमिनीची बातमी ‘कोळसा’त ठेवायची की ‘शेती’त? एका विषयाला अनेक पैलू असतात, हे सूत्र धरून शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३मध्ये ग्रंथालयांसाठी कोलन वर्गीकरण मांडलं. आंतरजालावर ती मोकळीक सामान्य वाचकाला टॅगनं दिली. २००३मध्ये जोशुआ शॅक्टर यांच्या ‘डिलिशस’वर लोक आपापल्या दुव्यांना हवे तितके टॅग लावू लागले. वर्ग ठरवण्याचा अधिकार त्यामुळे वाचकाकडे आला.

या दोन शाखा एकत्र आल्या त्या ७ ऑक्टोबर २००५ रोजी सुरू झालेल्या गूगल रीडरमध्ये. पडद्यावर फोल्डर दिसे, पण आत तो एक लेबलच असे. फीडला लावलं की फोल्डर, एखाद्या लेखाला लावलं की टॅग. ही सगळी लेबलं मागण्यासाठी ‘टॅग/लिस्ट’ असा एक पत्ता होता. गूगलनं तो अधिकृतपणे खुला केला नव्हता. प्रोग्रामरांनी शोधून काढला आणि त्यावर आपापली ॲप उभी केली. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाला. पण ती ॲप चालू राहावीत म्हणून फ्रेशआरएसएस, इनोरीडर, द ओल्ड रीडर या रीडरांनी तोच पत्ता आणि तीच उत्तराची पद्धत आपल्याकडे ठेवली. मूळ घर मोडलं, तरी यादी मागायची रीत टिकली.

नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही एजंटला बाहेरची साधनं जोडण्याची पद्धत खुली केली आणि या रीतीला नवा मागणारा मिळाला. या पद्धतीत प्रत्येक साधन आपलं नाव, काम आणि लागणारी माहिती एजंटला सांगतं. फोल्डर-टॅगची यादी देणारं साधन एजंटनं सहसा सगळ्यांत आधी वापरायचं असतं. तसं केलं नाही, तर तो नावं अंदाजानं मागतो. फोल्डर ‘संत्रा’ असताना ‘संत्री’ मागितलं, की हाती काही लागत नाही. सगळे फीड वाचायला घ्यावेत, तर एजंटला एका वेळी ध्यानात ठेवता येणाऱ्या मजकुराला मर्यादा असते. यादी मात्र थोडक्या ओळींची असते आणि नेमकं कुठं पाहायचं ते सांगते.

हे साधन फक्त वाचतं, काही बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याची हिंदी बातमी ‘सीमेपलीकडे’ या फोल्डरात का आहे, हे सावनेरच्या वाचकाला माहीत असतं. ती त्याच्या जगण्यातून आलेली विभागणी आहे. एजंटनं नवा टॅग सुचवायला हरकत नाही, पण लावायचा तो वाचकाला विचारूनच. आणि वाचकानंही आपल्या यादीची ओपीएमएल प्रत अधूनमधून उतरवून ठेवावी. २०१३मध्ये ज्यांच्याकडे अशी प्रत होती, त्यांना दुसऱ्या रीडरमध्ये आपली मांडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली नाही.