‘इ’ धातूची वाटचाल

जें क्रियापद लोकांच्या तोंडीं अधिक, त्याचीं रूपें अधिक वेडींवांकडीं, असें पुष्कळ भाषांत आढळून येतें. आपण ‘जातों’ म्हणतों आणि ‘गेलों’ही म्हणतों. पहिलें रूप संस्कृत ‘या’ धातूपासून आलें, दुसरें ‘गम्’पासून. गमनार्थक तिसरा धातु ‘इ’ मात्र ‘उदय’, ‘अयन’ अशा शब्दांपुरताच आपल्याकडे उरला.

याच धातूचा लॅटिनमधील सगोत्र ‘ईरे’. त्याचीं ‘ईस्’, ‘इत्’ आणि आज्ञार्थी नुसतें ‘ई’ हीं रूपें इतकीं तोकडीं कीं, बोलतांना तीं कानांतून निसटत. म्हणून लोकांनीं त्यांच्या जागीं ‘वादेरे’ हें भरदार क्रियापद योजिलें. इ. स. ३८२ मध्यें जेरोमनें आरंभिलेल्या लॅटिन बायबलांत ‘जा’ या अर्थी ‘वादे’ हेंच रूढ झालेलें दिसतें.

पुढें लॅटिनच्या कन्यांनीं हा वारसा वांटून घेतला. फ्रेंचमध्यें ‘मी जातों’ याचें ‘व्हे’ हें रूप ‘वादेरे’चें, ‘मी जाईन’ याचें ‘इरे’ हें ‘ईरे’चें, आणि ‘आम्ही जातों’ याला म्हणतात ‘आलों’! तें तिसऱ्याच क्रियापदाचें. स्पॅनिशमध्यें ‘फुई’ म्हणजे ‘मी होतों’ आणि ‘मी गेलों’ही.

हा गुंता सोडविण्याचें काम डॉ. झामेनहोफ यांनीं केलें. त्यांचा जन्म १८५९ मध्यें बियालिस्तोक येथें झाला. रशियन, पोलिश, जर्मन व यिद्दिश बोलणाऱ्यांतील वैर पाहातच ते वाढले. सर्वांस सोपी अशी एक भाषा असावी, म्हणून १८८७ मध्यें वॉर्सा येथें त्यांनीं एस्परांतो प्रसिद्ध केली. तींत जीर्ण झालेला ‘ईरे’ पुन्हां उभा राहिला : ‘मी ईरास’, ‘मी ईरिस’, ‘मी ईरोस’, म्हणजे जातों, गेलों, जाईन. ‘मी’ तेथेंही ‘मी’च! १९०७ च्या इदोनें ‘इरार’ घेतलें. १९५१ च्या इंटरलिंग्वानें मात्र ‘ईर’ व ‘वादेर’ दोन्ही ठेविलीं.

क्रियापद सरळ झालें; माणसें झालीं नाहींत. नाझींनीं १९४० मध्यें झामेनहोफ यांच्या मुलास गोळ्या घातल्या, आणि १९४२ मध्यें दोन्ही मुलींस त्रेब्लिंका येथें ठार केलें. भाषा समजली कीं वैर जाईल, ही त्यांची आशा खरी ठरली नाहीं. तरीपण त्यांची भाषा बोलणारे लोक आजही निरनिराळ्या देशांत आहेत. कित्येक घरांतून मुलें ती जन्मापासून शिकतात, आणि तो प्राचीन धातु त्यांच्या तोंडीं तिन्ही काळांत सरळ चालतो.