कुत्र्याला चिकू चालतो का? आणि चिंच? कोणती फळं-भाज्या द्यावीत, कोणत्या टाळाव्यात

कुत्र्याला कोणती फळं द्यावीत, असं मोबाईलवर शोधलं की यादीत पहिल्यांदा ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी येतात. पालघर तालुक्यातल्या केळव्यात यातलं काहीच पिकत नाही. इथल्या वाड्यांमध्ये नारळ, केळी, सुपारी आणि पानवेली आहेत. वर डहाणू-घोलवडचा चिकू आहे. शनिवार-रविवारी किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात पर्यटक आले की त्यांच्या हातात भाजलेली कणसं असतात. घरच्या किंवा किनाऱ्यावरच्या कुत्र्याच्या तोंडी पडतं ते हेच.

सोप्या गोष्टी आधी. केळं, पपई, कलिंगड, गाजर, काकडी, फरसबी, उकडलेलं रताळं आणि लाल भोपळा हे सगळं कुत्र्याला चालतं. बिया आणि जाड साल काढायची. मीठ-मसाला लावायचा नाही. टोमॅटो पिकलेला असेल तर ठीक, हिरवा नको. कच्चा किंवा हिरवट बटाटाही नको. मात्र हा सगळा खाऊ झाला, जेवण नव्हे. दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी खाऊ १० टक्क्यांच्या आत असावा, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. लहान कुत्र्याला केळ्याच्या दोन-तीन चकत्या पुष्कळ झाल्या.

पिकलेल्या चिकूचा गर विषारी नाही. त्यात साखर भरपूर असते, म्हणून एखादी फोडच द्यावी. कच्च्या चिकूत चीक आणि तुरटपणा असतो, तो नको. खरी काळजी बियांची. चिकूच्या काळ्या चकचकीत बीच्या टोकाला बारीक आकडा असतो आणि तो घशात अडकू शकतो. आंब्याचंही तसंच. गर चालतो, पण कोय गिळली तर आतड्यात अडकून बसते.

कणसाचे उकडलेले दाणे थोडे दिले तर हरकत नाही. पण दाणे खाऊन झाल्यावर लोक उरलेला दांडा वाळूत फेकतात. त्याला लिंबू, मीठ, तिखट लागलेलं असतं, त्यामुळे कुत्रा तो तुकडे करून गिळतो. हा दांडा पचत नाही. आतड्यात अडकला तर अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. कुत्र्याला सारख्या उलट्या होतात, तो खाणं सोडतो, शी होत नाही. शहाळ्यातली मऊ मलई थोडी चालेल, पण करवंटीचे तुकडे आणि काथ्या हा त्याच जातीचा धोका आहे. म्हणून कणीस खाणाऱ्याने दांडा कचऱ्याच्या डब्यातच टाकावा. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांसाठी बिस्किटांच्या पुड्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

वाडीत पडलेली सुपारीही कुत्र्यापासून लांब ठेवावी. तिच्यातलं अरेकोलिन एकेकाळी कुत्र्यांना जंतांचं औषध म्हणून दिलं जायचं. जास्त झालं तर लाळ गळते, उलट्या-जुलाब होतात. चुना-तंबाखू लावलेला विडा त्याहून वाईट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. असं का होतं, हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. पुढच्याच वर्षी चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदीही प्रसिद्ध झाल्या, कारण हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. परदेशी याद्यांमध्ये चिंच क्वचितच सापडते. आपल्याकडे ती आमटीत असते, माशाच्या कालवणात असते. किती चिंच सुरक्षित, याचं प्रमाण ठरलेलं नाही. त्यामुळे चिंचेचा कोळ, गोळा किंवा गाभुळलेली चिंच कुत्र्याला देऊच नये. बेदाणे घातलेला शिरा आणि खीरही नको.

त्याच कालवणात कांदा-लसूण असतो. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात आणि शिजवल्याने ती जात नाहीत. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात बदल दिसू लागतात. १० किलोच्या कुत्र्यासाठी हे म्हणजे मध्यम आकाराचे दोन कांदे. लसूण त्याहून तीव्र असतो. रोज थोडं थोडं गेलं तरी परिणाम साठत जातो. ‘आमच्याकडे कुत्री वर्षानुवर्षं आमटी-भातच खातात’ हे खरं आहे. पण फिकट पडलेल्या हिरड्या कोण बघतं? कुत्रा मलूल झाला की उन्हाने झाला असेल, म्हणून विषय संपतो. उपाय फार सोपा आहे. फोडणी घालण्याआधी भात आणि साधं शिजवलेलं वरण किंवा बिनकाट्याचा उकडलेला मासा बाजूला काढून ठेवायचा.

कुत्र्याने द्राक्षं, बेदाणे, चिंच किंवा बराच कांदा खाल्लाच तर लक्षणांची वाट बघू नये. मूत्रपिंडांचा त्रास एक ते तीन दिवसांनी दिसतो, कांद्याचा त्याहूनही उशिरा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती प्रयोग करू नये, त्याने मिठाचीच विषबाधा होते. काय खाल्लं, अंदाजे किती, केव्हा आणि कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगून लगेच जवळच्या पशुवैद्यांना फोन करावा. पहिल्या दोन तासांत ते औषधाने उलटी करवू शकतात. त्यामुळे जवळच्या डॉक्टरांकडे जाणं आधी, आणि सलाईन किंवा रक्ताच्या तपासण्यांसाठी गरज पडलीच तर परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्यानंतर.