जिथे लाट फुटत नाही

१५ एप्रिल २०१७ हा दिवस बेळगावकर विसरलेले नाहीत. मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेल्या इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थी-प्राध्यापकांपैकी आठ जण त्या दिवशी समुद्राने नेले. पुढच्या वर्षी आमच्या शाळेची सहल ठरवण्याची वेळ आली, तेव्हा पालक एकेक करून माझ्या खोलीत येऊ लागले. "सर, पाण्याची सहल नको." त्यांचे बरोबरच होते. पण त्यातल्या एका सद्गृहस्थांनी विचारले, "तिकडे शार्कबिर्क असतात का हो?" मला हसू आले नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पुढे जाणवले, की हा प्रश्न फार जुना आहे आणि एका शहराने शंभर वर्षे फी भरून त्याचे उत्तर शिकून घेतले आहे.

ते शहर सिडनी. माझी भाची नोकरीनिमित्त तिथे असते. २०१९च्या दिवाळीच्या सुटीत तिच्या आग्रहाने मी तिकडे गेलो. ती रोज मला कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर न्यायची आणि मी चपला काढतो न काढतो तोच बजावायची, "मामा, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच हं." बेळगावच्या माणसाला समुद्र म्हणजे वर्षातून एकदा भेटणारा पाहुणा, त्याच्याशी वागायचे काही नियम असतात हे आपल्याला ठाऊकच नसते. त्या झेंड्यांमागचा इतिहास मी तेव्हापासून वाचू लागलो.

आश्चर्य असे, की एकोणिसाव्या शतकात सिडनीत दिवसाढवळ्या उघड्या समुद्रात न्हायला कायद्याने बंदी होती. कारण बुडण्याचे नव्हे, अब्रूचे! ऑक्टोबर १९०२ मध्ये मॅन्ली येथील विल्यम गोचर या वृत्तपत्रचालकाने भर दुपारी पाण्यात उतरून हा नियम मोडला. पोलिसांनी खटला भरला नाही आणि पुढच्याच वर्षी तिथल्या नगरपालिकेने गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकण्याच्या अटीवर परवानगी दिली. मग काय, ट्रामने लोक लोटू लागले. त्यातल्या बहुतेकांना पोहता येत नव्हते.

अब्रूची बंदी उठली आणि माणसे बुडू लागली. मग किनाऱ्यावरच्या तरुणांनीच मंडळे काढली. बाँडीचे मंडळ १९०७चे. रहाटासारख्या मोठ्या रिळावर दोर गुंडाळलेला; एकाने कमरेला पट्टा बांधून आत पोहत जायचे आणि बाकीच्यांनी त्याला बुडणाऱ्यासकट ओढून घ्यायचे. साधी युक्ती. जानेवारी १९०७ मध्ये बाँडीला ज्यांना वाचवण्यात आले त्यांत चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ नावाचा नऊ वर्षांचा मुलगा होता. पुढे तोच ऑस्ट्रेलियाचा सर्वांत नामांकित वैमानिक झाला.

लाटेवर फळी घेऊन स्वार होण्याची कला मूळची हवाई बेटांची. ऑस्ट्रेलियात काही हौशी लोक आधीच धडपडत होते, पण ती खऱ्या अर्थाने रुजवली ड्यूक काहानामोकू याने. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवलेला हा हवाईचा माणूस. सिडनीला पोहण्याच्या शर्यतींसाठी आला होता. शुगर पाइनच्या लाकडाची फळी त्याने स्वतः तासली आणि २४ डिसेंबर १९१४ रोजी फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर तो लाटेवर उभा राहिला. पुढे इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीलाही त्याने आपल्या फळीवर घेतले. ती फळी आजही फ्रेशवॉटरच्या मंडळात जपून ठेवली आहे. मी ती पाहिली. दाराएवढी जड फळी, ना खाली पंख, ना पायाला बांधायची दोरी. तिच्याकडे बघताना मला आमच्या गल्लीतल्या सुताराच्या दुकानातला वास आला.

तर असा समुद्र लोकांना आवडू लागला, आणि त्याबरोबर भीती आली. कोणाची? शार्कची. १९३० नंतर सिडनीच्या आसपास हल्ले झाले, वर्तमानपत्रांनी मथळे रंगवले, सरकारने समिती नेमली आणि १९३७ मध्ये किनाऱ्यांपुढे जाळी टाकायला सुरुवात झाली. सामान्य माणसाला वाटते, ही जाळी म्हणजे भिंत. अलीकडे आपण, पलीकडे शार्क. प्रत्यक्षात एक जाळे दीडशे मीटर लांब आणि सहा मीटर उंच असते. ते किनारा अडवत नाही. शार्क त्याच्या वरून, खालून, बाजूने सहज येतो-जातो. जाळ्याचे काम अडवण्याचे नव्हे, पकडून मारण्याचे. त्यात कासवे, पाकट, डॉल्फिन असे निरपराध जीवही मरतात. जाळी असलेल्या किनाऱ्यांवर नंतर मृत्यू फार थोडे झाले हेही खरे. १९५१ मध्ये न्यूकॅसलजवळ मेरेवेदरला एक झाला. जाळ्यांमुळे ते कमी झाले की अन्य कारणांनी, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावर एका सर्फरचा शार्कच्या हल्ल्यात बळी गेला आणि तो वाद पुन्हा उफाळला.

आता दुसरी बाजू पाहा. जाळी टाकून चार-पाच महिनेच झाले होते. ६ फेब्रुवारी १९३८, रविवार, बाँडीवर तुडुंब गर्दी. एकामागून एक मोठ्या लाटा आल्या आणि परतताना सुमारे अडीचशे माणसांना खोल पाण्यात घेऊन गेल्या. शर्यतीसाठी जमलेले मंडळाचे जवान किनाऱ्यावर होते म्हणून बरे. तरी पाच माणसे गेली. तिथे शार्क नव्हता. ऑस्ट्रेलियात आजही शार्कमुळे वर्षाला सरासरी दोन-तीन माणसे मरतात, तर समुद्राच्या परतीच्या प्रवाहात वीसच्या वर. पण प्रवाहाला दात नसतात, त्यामुळे मथळाही मिळत नाही.

हा प्रवाह समजून घेण्यासारखा आहे. लाटा पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतात. ते साठलेले पाणी परत जाणारच. वाळूच्या दोन बांधांमध्ये जिथे खोल चर असेल तिथून ते वेगाने बाहेर पडते. त्या चरावर पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये शांत, गडद पट्टा. पोहायला नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो! आपण मराठीत याला ओढ म्हणतो, कन्नडमध्ये सेळेत. गंमत अशी, की दोन्ही भाषांत त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आकर्षण असा आहे. सर्फिंग करणारे मात्र मुद्दाम याच पट्ट्यातून आत जातात, कारण तो त्यांना फुकटात लाटांच्या पलीकडे पोचवतो. म्हणजे ज्या वाटेने नवखा बुडतो तीच जाणत्याची वाट.

तिसरा धोका तर शहराने स्वतःच समुद्रात सोडला होता. १८८९ पासून बाँडीच्या कड्याखाली सिडनीचे मैलापाणी थेट समुद्रात पडत होते. पुढे असे आणखी दोन मोठे नळ झाले. वारा किनाऱ्याकडे वळला की घाण पोहणाऱ्यांच्या तोंडाशी यायची. तिथल्या सर्फरांनी तरंगत येणाऱ्या त्या वस्तूंना 'बाँडीचे चिरूट' असे नाव दिले होते. अधिक खुलासा दिवाळीच्या अंकात करत नाही. कानदुखी, पोटदुखी, जखमा चिघळणे हे सर्फरांच्या नेहमीचे. आधी ओरड त्यांनीच केली, कारण रोज पाण्यात तेच असत. मार्च १९८९ मध्ये बाँडीच्या वाळूवर याविरुद्ध प्रचंड मेळावा भरला. १९९०-९१ मध्ये नळांची तोंडे दोन ते चार किलोमीटर आत, साठ-ऐंशी मीटर खोलीवर नेली. किनारे पुष्कळ सुधारले. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये कूजीच्या वाळूवर हजारो काळे गोळे वाहून आले. आधी सर्वांना डांबर वाटले. तपासणीत चरबी, तेल आणि मैला निघाला. मोठा पाऊस झाला की निदान एक दिवस पाण्यात उतरू नका, असे तिथे अजूनही सांगतात.

शार्कसाठी १९३७ मध्ये जाळी. मैल्यासाठी मात्र १८८९ ते १९९० अशी शंभर वर्षे. हा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडतो तेव्हा मुले वजाबाकी स्वतः करतात.

आता माझी एक गोष्ट सांगतो; ती आजवर लिहिली नव्हती. १९९८ साली मी नवा शिक्षक असताना बेचाळीस मुले घेऊन सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. लाटा मोठ्या होत्या म्हणून मीच मुलांना म्हणालो, "तिकडे पाणी शांत आहे, तिथे खेळा." पाच मिनिटांत दोघे ओढीत सापडले. जवळ रापण ओढणारे होते. त्यांनी जाळ्याचा दोर कमरेला बांधून एक गडी आत सोडला आणि दोघांना बाहेर काढले. बाँडीच्या रिळाचे चित्र मी एकवीस वर्षांनी पाहिले तेव्हा गुडघ्यातले बळ गेले, ते यामुळे. त्या दिवशी एका म्हाताऱ्या रापणकराने मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, "मास्तरांनू, जंय लाट फुटणा नाय, थंय पोरांका धाडू नकात." त्याने हे चारचौघांत म्हटले नाही, याचे उपकार मी विसरलेलो नाही.

वायरीनंतरही हे थांबलेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मुर्डेश्वरला सहलीला आलेल्या कोलार जिल्ह्यातल्या चार शाळकरी मुली गेल्या. आपल्याच राज्यात मुल्कीला २००४ पासून सर्फिंग शिकवतात, तिथली कोळ्यांची पोरे लाटेवर उभी राहतात. आणि आपल्या घाटावरच्या मुलांना समुद्र वाचायचा कसा, याचा एक धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

आमची सहल आम्ही बंद केली नाही. किनाऱ्यावर पोचलो की पहिला अर्धा तास सगळे वाळूवर बसतात आणि नुसते पाण्याकडे बघतात. लाट कुठे फुटत नाही ते प्रत्येकाने बोटाने दाखवायचे. मग जाणता स्थानिक माणूस सांगेल तिथे, गुडघाभर पाण्यात. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने पट्टा बरोबर दाखवला आणि वर विचारले, "सर, इथे शार्क असतात?"

"असतात की," आमचा मालवणी ड्रायव्हर मागून म्हणाला, "दुपारी जेवणात मोरीचं कालवण आहे."